हाडावरची रेघ कुणाची? प्राचीन हाडांवरच्या कापखुणा वाचायला शिकताना

रविवारी ताटात आलेली नळी चोखून झाली की टाकून देऊ नका. धुऊन, वाळवून खिडकीच्या उजेडात धरा. एका टोकाला सत्तूरचा सपाट घाव दिसेल. त्याच्या जवळपास कुठेतरी केसाइतकी बारीक, सरळ रेघही असेल. मांस सोडवताना खाटकाची सुरी तिथे हाडाला लागली होती. ती लागावी असं त्याच्या मनात नव्हतं, उलट हाडाला लागलं की धार जाते म्हणून तो ते टाळतच होता. लाखो वर्षांपूर्वीच्या हाडांवर अभ्यासक शोधतात ती खूण याच जातीची असते. अनवधानाने राहून गेलेली.

या रेघांना एवढं महत्त्व का, ते आधी थोडक्यात सांगतो. टांझानियातल्या ओल्डुवाई घळीत पुरातत्त्वज्ञ मेरी लीकी यांना 1959 साली एका जागी दगडी हत्यारं आणि प्राण्यांची फुटलेली हाडं शेजारी शेजारी सापडली. ही जागा सुमारे 18 लाख वर्षांपूर्वीची आहे. पण शेजारी सापडली म्हणजे एकमेकांशी संबंध आला, असं होत नाही. हाडं सिंहाने टाकलेली आणि दगड नंतर आलेल्या कुणाचे, असंही असू शकतं. 1981 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकाच्या एकाच अंकात हेन्री बन यांनी, आणि स्वतंत्रपणे रिचर्ड पॉट्स व पॅट शिपमन यांनी, तिथल्या हाडांवर दगडी धारेच्या खुणा असल्याचं मांडलं. त्याच वर्षी लुईस बिनफर्ड यांनी उलट बाजू धरली: तिथले आदिमानव शिकारी नव्हेतच, हिंस्र प्राण्यांचं उष्टं वेचणारे आहेत. तो वाद चाळीस वर्षं चालला, आणि त्यातून खुणा वाचायची एक शिस्त तयार झाली. घरच्या घरी तिचा सराव कसा करायचा, ते पुढे सांगतो.

आधी स्वतःची हाडं तयार करा

पुस्तकातले फोटो पाहून ही विद्या येत नाही. कोणती खूण कशाने झाली हे ज्याच्या बाबतीत पक्कं माहीत आहे, असा संच हाताशी हवा. संशोधकसुद्धा तेच करतात. बकऱ्याचं हाड त्यासाठी उत्तम. पुढे इथिओपियातल्या ज्या हाडाची गोष्ट येणार आहे, तेही बकरीएवढ्याच प्राण्याचं होतं.

खाटकाला सांगा, “मागची रान अख्खी द्या, तुकडे करू नका.” शक्य असेल तर दोन राना आणि दोन-चार पाये घ्या. पाये केसांसकट मिळाले तर फारच छान, कातडं सोलतानाच्या खुणा त्यावर पाहता येतील. सगळं कच्चंच हवं. शिजलेलं हाड वेगळं फुटतं, शिवाय कुत्र्याला घातलं तर त्याचे अणकुचीदार तुकडे त्याच्या घशात अडकतात.

आता धार. चाकूने काम भागणार नाही, कारण धातूची खूण अरुंद आणि स्वच्छ येते, दगडाची तशी येत नाही. आपल्याकडे दगडाची अडचण नाही. दख्खनच्या काळ्या खडकात अकीक, चर्ट, जास्पर भरपूर असतात आणि नद्यांच्या पात्रांत त्यांचे गोटे मिळतात. मुठीएवढा गोटा घ्या, कडेचा कोन काटकोनापेक्षा कमी असेल अशी बाजू शोधा आणि दुसऱ्या गोल, कठीण गोट्याने त्या कडेच्या अगदी जवळ तिरका, ओझरता फटका द्या. नीट बसला तर खालून पातळ कपची सुटते. तिची ताजी कड ब्लेडइतकी धारदार असते, हे कौतुकाने नाही तर इशारा म्हणून सांगतोय. डोळ्यांवर बंद गॉगल, हातात चामडी हातमोजे, मांडीवर जाड कापड, काम उघड्यावर, आणि लहान मुलं लांब. पहिले दहा-बारा फटके वाया जातात. जाऊ द्या.

चार प्रकारच्या खुणा, चार वेगळी हाडं

पहिल्या हाडावर कपचीने काम करा. रानेचं मांस सोडवा, मग गुडघ्याचा सांधा तोडा. मुद्दाम हाडावर रेघा ओढू नका. मांस काढण्यावर लक्ष ठेवा आणि खुणा आपोआप होऊ द्या. नाहीतर तुमच्या संचात अशा खुणा भरतील ज्या खऱ्या खाटिककामात कधी होतच नाहीत. नवख्यांच्या हातून नेमकी हीच चूक होते.

दुसरं हाड मज्जेसाठी. मांस काढलेली कच्ची नळी सपाट दगडावर आडवी ठेवा आणि वरवंट्याएवढ्या ओबडधोबड गोट्याने मध्यभागी हाणा. घरचा पाटा-वरवंटा यात आणू नका, घरात बोलणी बसतील आणि तो गुळगुळीतही असतो. फुटलेले सगळे तुकडे, अगदी चिमुकलेसुद्धा, जपून ठेवा.

तिसरं हाड कुत्र्याला. हाड मोठं द्या, समोर उभं राहा, अर्ध्या-पाऊण तासाने काढून घ्या (निदान तसा प्रयत्न करा).

चौथं हाड सर्वांत कंटाळवाणं, पण सर्वांत मोलाचं. मांस काढून स्वच्छ केलेलं, ज्यावर एकही खूण नाही असं हाड जाड वाळू आणि बारीक खडीच्या थरात अर्धवट पुरा आणि त्यावरून चालत राहा. पाचशे पावलं, मग हाड उलटं करून आणखी पाचशे. अ‍ॅना बेहरेन्समायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 मध्ये दाखवून दिलं की, वाळूत तुडवलेल्या हाडांवर कापल्यासारख्याच रेघा उमटतात. त्या निबंधानंतर या क्षेत्रातला प्रत्येक दावा आधी या चाळणीतून जातो.

हाडं स्वच्छ करताना तारेची घासणी, सुरी, ब्लीच यांना मनाई. मंद आचेवर पाण्यात थोडी कपडे धुण्याची पावडर घालून उकळा, सुटेल तेवढं बोटांनी सोडवा, राहिलेलं मऊ टूथब्रशने काढा. मग सावलीत वाळवा. प्रत्येक हाडावर एका टोकाला पेन्सिलने क्रमांक घाला. कुठल्या क्रमांकाचं काय केलं, ते वहीत लिहा, हाडावर नको. कारण पुढे कळेल.

पाहायचं कसं

दहापट मोठं दाखवणारं सराफी भिंग आणि एक टेबललॅम्प, एवढं पुरतं. खोली अंधारी करा. दिवा हाडाच्या बाजूने, इतका खाली आणा की उजेड पृष्ठभागाला जवळजवळ घासून जाईल. वरून पडलेल्या उजेडात बारीक रेघ दिसतच नाही. तिरप्या उजेडात तिची एक कड उजळते, दुसरी काळी पडते आणि ती एकदम उठून येते. आता दिवा स्थिर ठेवा आणि हाड फिरवत राहा. रेघ उजेडाला समांतर असेल तर ती लपते, म्हणून प्रत्येक भाग निदान दोन-तीन कोनांतून पाहायचा. एका नळीला सहज वीस मिनिटं लागतात. ज्याला पाच मिनिटं लागतात, त्याने नीट पाहिलेलं नसतं.

आधी पृष्ठभागाची अवस्था नोंदवा. उन्हापावसात हाड तडकतं, पापुद्रे सुटतात. बेहरेन्समायर यांनी 1978 मध्ये त्याच्या 0 ते 5 अशा पायऱ्या ठरवल्या आणि त्या आजही वापरात आहेत. वरचा थरच उडालेला असेल तर ‘खुणा नाहीत’ असं लिहिण्यात अर्थ नाही. तिथे ‘पाहता येत नाही’ असं लिहायचं. या दोन शेऱ्यांतला फरक विसरल्यामुळे कित्येक टक्केवाऱ्या बिघडल्या आहेत.

मग खुणेकडे वळा. दगडी धारेची खूण साधारण सरळ आणि अरुंद असते, तिचा छेद इंग्रजी ‘व्ही’सारखा. भिंगातून तळाशी पाहिलं तर लांबीच्या दिशेने धावणाऱ्या आणखी बारीक समांतर रेषा दिसतात. दगडाची कड सूक्ष्म करवतीसारखी असते, तिचे हे ओरखडे. कडांना कधी छोटे टवके उडालेले असतात. मुख्य रेघेशेजारी, कपचीचा खांदा घासून गेल्याची एखादी फिकट रेघही सापडते. अशा खुणा बहुधा एकट्या नसतात. एकाच दिशेच्या दोन-तीन, पाच, जवळजवळ.

दाताची खूण रुंद आणि उथळ, छेद ‘यू’सारखा, तळ चेचलेला. तिच्यासोबत खड्डे असतात, मऊ टोकांना आरपार भोकं असतात. कुत्र्याने चघळलेल्या हाडाची टोकं खाल्लेली आणि कडा गोलसर झालेल्या दिसतील. तरस हेच काम दसपट जोराने करतं. मगरीचा दात मात्र फसवा. त्याला उंचवट्याची कड असते आणि तिची खूण ‘व्ही’ छेदाचीही होऊ शकते. 2017 मध्ये योनातान साहले, टिम व्हाइट आणि सहकाऱ्यांनी याच मुद्द्यावर आफ्रिकेतल्या काही जुन्या दाव्यांकडे बोट दाखवलं. नदी-तळ्याकाठच्या हाडांबाबत हे कायम डोक्यात ठेवायचं.

तुडवल्याची रेघ उथळ असते, तळ सपाटसा, वाट किंचित नागमोडी. अशा रेघा वाटेल त्या दिशेने, एकमेकींवरून धावतात आणि आजूबाजूचा पृष्ठभागही बारीक ओरखड्यांनी धुरकट झालेला असतो. हे शेवटचं लक्षण मला सगळ्यांत कामाचं वाटतं. एकटी रेघ पाहून निकाल देऊ नका, तिचं शेजारपाजार बघा.

दगडाने फोडल्याच्या खुणा ओळखायला सोप्या. फटका बसला तिथे खड्डा, आणि त्यात किंवा त्याच्या कडेला बारीक ओरखड्यांचा पुंजका, कारण दगड आदळताना किंचित सरकतो. दाताच्या खड्ड्यात असा पुंजका नसतो. तुटलेल्या कडेला अर्धचंद्राकृती खाच पडते आणि आतल्या बाजूने शिंपल्यासारखा टवका निघतो. तुमच्या दुसऱ्या हाडाचे चिमुकले तुकडे जपायला सांगितले ते यासाठीच. ताजं हाड तिरकं, वळसा घेत, गुळगुळीत कडांनी फुटतं. सुकलेलं हाड काटकोनात, खरबरीत तुटतं.

बाकीचे बहुरूपी थोडक्यात: झाडाच्या मुळांनी कोरलेल्या फांद्या-फांद्यांच्या नक्षीदार खोबणी, उंदीर-साळिंदराच्या दातांचे जोडीने येणारे सपाट पट्टे, रक्तवाहिन्यांच्या नैसर्गिक गुळगुळीत चरी. आणि उत्खननात लागलेलं खुरपं. त्याची खूण हाडाच्या बाकीच्या रंगापेक्षा फिकी असते, कारण आतला ताजा भाग उघडा पडलेला असतो. जुन्या खुणेच्या तळाचा रंग आणि डाग पृष्ठभागासारखेच हवेत.

नोंद आणि आंधळी परीक्षा

प्रत्येक खुणेसाठी वहीत एक ओळ: हाड कुठलं, डावं की उजवं, टोकाजवळ की मध्यभागी, पुढच्या बाजूला की मागच्या, लांबी किती मिलिमीटर, दिशा हाडाच्या लांबीला समांतर, तिरकी की आडवी, गटात किती खुणा. हाडाचं साधं चित्र काढून त्यावर रेघ जागेवर दाखवा. फोटोत मोजपट्टी ठेवा आणि उजेड कुठल्या बाजूने आहे तेही लिहा. शेवटच्या रकान्यात निदान, आणि त्यापुढे खात्री: पक्की, बरी, अनिश्चित.

आता परीक्षा. घरातल्या कुणालातरी हाडं मिसळून, क्रमांकावर चिकटपट्टी लावून द्यायला सांगा. आठवडाभराने भिंग घेऊन बसा आणि प्रत्येक खुणेचं निदान लिहा. मग वही उघडा. रॉबर्ट ब्लूमेनशाइन, कर्टिस मरीन आणि साल्वातोर कपाल्डो यांनी 1996 मध्ये अशाच चाचण्यांतून दाखवलं की, माहितीच्या हाडांवर नीट तयार झालेले निरीक्षक जवळजवळ नेहमी बरोबर ठरतात. पहिल्या खेपेला तुम्ही ठरणार नाही. मी तुडवलेल्या हाडावरच्या तीन रेघा छातीठोकपणे ‘कापखुणा’ म्हणून लिहिल्या होत्या. ते पान मी अजून ठेवलंय.

खुणेवरून वागणुकीकडे

खरी गंमत इथे सुरू होते, आणि घसरण्याच्या जागाही इथेच आहेत.

खूण कुठे आहे यावरून काम ओळखता येतं. पायाच्या सडपातळ हाडांभोवती आडव्या खुणा म्हणजे बहुधा कातडं सोललं. सांध्यांच्या आसपास असतील तर अवयव सुटे केले. दंडाच्या किंवा मांडीच्या हाडाच्या मध्यभागी असतील तर मांस कापून काढलं. तुमच्या पहिल्या हाडावर हे पडताळून पाहा.

आता शिकार की उष्टं, हा जुना प्रश्न. सिंह आधी मांसल भागांवर तुटून पडतो. तो उठल्यावर मांडी-दंडावर चिंध्या उरतात आणि नळ्यांत मज्जा उरते. नंतर आलेल्या माणसाने मज्जेसाठी हाडं फोडली तर फोडल्याच्या खुणा भरपूर दिसतील, पण मांडीच्या मध्यावर कापायला फारसं काही नसेल. उलट त्याच जागी कापखुणा वारंवार दिसल्या, तर मांस असताना हात पोचले होते. मान्युएल डोमिंगेझ-रोड्रिगो यांनी सिंहांनी सोडलेल्या सांगाड्यांवर चिंध्या नेमक्या कुठे उरतात ते नोंदवलं आणि ओल्डुवाईच्या खुणा त्या नकाशाशी ताडून पाहिल्या. त्यांचा कौल मांस आधी मिळवण्याच्या बाजूने आहे. ब्लूमेनशाइन यांनी त्याच जागेच्या हाडांवर दातांच्या खुणा भरपूर मोजल्या आणि हिंस्र प्राणी आधी आले असं म्हटलं. हाडं एकच, निष्कर्ष दोन. कारण कुठल्या खुणेला दाताची म्हणायचं यावरच मतभेद. वरच्या परीक्षेवर मी एवढा जोर दिला तो यामुळे.

दोन सापळे लक्षात ठेवा. खुणा जास्त म्हणजे मांस जास्त, हा पहिला. सराईत हात हाडाला लागतच नाही, त्यामुळे खुणांची संख्या मांसाचा तराजू होत नाही. दुसरा सापळा तरसाचा. हाडाची टोकं तेलकट, ती तरस खाऊन टाकतं, आणि मधल्या नळीचे तुकडे उरतात. जुन्या काळी असे तुकडे ‘ओळखता येत नाहीत’ म्हणून बाजूला पडत, आणि त्यांच्याबरोबर अर्धा पुरावाही.

दिकिका आणि कूबी फोरा

इथिओपियात दिकिका इथे 2009 मध्ये दोन हाडं सापडली: गाईएवढ्या प्राण्याची बरगडी आणि बकरीएवढ्या प्राण्याच्या मांडीचा तुकडा. वय सुमारे 34 लाख वर्षं. 2010 मध्ये शॅनन मॅकफेरॉन, झेरेसेनाय आलेमसेगेड आणि सहकाऱ्यांनी त्यावर दगडाने कापल्याच्या आणि ठोकल्याच्या खुणा असल्याचं जाहीर केलं. तोवरचा सर्वांत जुना सर्वमान्य पुरावा इथिओपियातल्याच गोना-बोउरी भागातला, म्हणजे 25-26 लाख वर्षांपूर्वीचा होता. एका झेपेत आठ लाख वर्षं मागे! त्याच वर्षी डोमिंगेझ-रोड्रिगो, पिकरिंग आणि बन यांनी उत्तर दिलं: थर खडबडीत वाळूचा आहे, खुणा तुडवल्याच्या असू शकतात. 2015 मध्ये जेसिका थॉम्पसन यांच्या गटाने दिकिकाच्याच इतर जीवाश्मांचा नमुना तपासला आणि या दोन हाडांवरच्या खुणा त्यांच्याहून वेगळ्या पडतात असं दाखवलं. शेजारच्या हाडांशी तुलना ही मला त्या वादातली सर्वांत शहाणी चाल वाटते. त्याच वर्षी केनियातल्या लोमेक्वीहून 33 लाख वर्षांपूर्वीची दगडी हत्यारं जाहीर झाली, त्यामुळे दावा अशक्य राहिला नाही. पण वाद मिटला असंही नाही. पक्षात दोनच हाडं, हीच अडचण.

दुसरी गोष्ट केनियाची. मेरी लीकी यांना 1970 मध्ये कूबी फोरा इथे मानवकुळातल्या कुणाची तरी नडगी सापडली होती, वय 14.5 लाख वर्षं. ब्रिआना पोबिनर नैरोबीच्या संग्रहालयात अशा हाडांवर हिंस्र प्राण्यांचे दात शोधत होत्या. त्यांना दिसल्या त्या कापल्यासारख्या रेघा. त्यांनी दंतवैद्य वापरतात तसल्या द्रव्याने खुणांचे साचे घेतले आणि काय अपेक्षित आहे ते न सांगता मायकेल पँटे यांच्याकडे पाठवले. पँटे यांनी त्रिमितीय स्कॅन करून 898 ज्ञात खुणांच्या संचाशी ते ताडून पाहिले. 11 पैकी 9 कापखुणा, 2 दाताच्या आणि त्या सिंहाच्या दाताशी जुळणाऱ्या. 2023 मध्ये हे प्रसिद्ध झालं. बातम्यांनी ‘नरभक्षक पूर्वज’ असे मथळे दिले. पण कापणारा आणि कापला गेलेला एकाच जातीचे होते का, हे या हाडावरून ठरत नाही, आणि दात व धार यांच्या खुणा एकमेकींवर येत नसल्यामुळे आधी कोण आलं तेही ठरत नाही. पोबिनर यांनी हे स्वतःच नीट सांगितलंय. साचा, अनभिज्ञ परीक्षक, ज्ञात खुणांचा संच: तुम्ही घरी केलेल्या परीक्षेचंच हे मोठं रूप.

भारतातही असा दावा आहे. चंदीगडजवळ मसोल इथल्या हाडांवर 26 लाख वर्षांपूर्वीच्या कापखुणा असल्याचं 2016 मध्ये मांडलं गेलं. ती हाडं धुपलेल्या उतारांवर पृष्ठभागी मिळालेली, म्हणून मूळ थर कोणता हा प्रश्न आधी येतो, खूण नंतर. आपल्या जवळचं उदाहरण हवं तर घोड नदीवरचं इनामगाव, पुणे जिल्हा, ताम्रपाषाण काळ. तिथल्या प्रौढांच्या दफनांत पावलं नाहीत आणि ती पुरताना मुद्दाम तोडली असा अर्थ उत्खननकर्त्यांनी लावला. खुणा वाचणाऱ्याने तिथे दोन गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत लिहायच्या: पावलं नसणं, आणि नडगीच्या खालच्या टोकावर खूण असणं.

नदीत हाड सापडलं तर

गोदावरी, मांजरा, घोड यांच्या काठच्या जुन्या गाळात जीवाश्म निघतात. एखादं दिसलं तर उचलू नका, घासू नका, थुंकी लावून पुसू तर मुळीच नका. मोजपट्टी किंवा नाणं शेजारी ठेवून जवळून फोटो घ्या, मग चार पावलं मागे येऊन दरडीसकट थर दिसेल असा दुसरा. मोबाइलवरून जागेचे अक्षांश-रेखांश टिपा. हाड दरडीत रुतलेलं आहे की खाली सुटं पडलंय, हे शब्दांत लिहा. मग राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा जवळच्या विद्यापीठातल्या पुरातत्त्व विभागाला कळवा. त्यावर रेघ दिसली असेल तर तिचाही फोटो पाठवा, तिरप्या उजेडातला. सोबत निदान लिहू नका, ते ज्याला पाहायचंय त्याला कोऱ्या डोळ्यांनी पाहू द्या.